दुसऱ्याच्या नावावर बोललेला नवस

(नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. घरातल्या सगळ्यांनी लिहायला परवानगी दिली. आईंची अट एकच होती, देवीबद्दल वाकडं लिहायचं नाही. तशी वेळही आली नाही.)

पार्श्वभूमी

नीलेश, वय ३६. नागपूरच्या धंतोलीतल्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. मानेवाडा भागात दुमजली घर. खाली आई, मोठा भाऊ, वहिनी आणि त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा. वर नीलेश, त्याची बायको मेघा आणि चार वर्षांची मुलगी. वडील एम्प्रेस मिलमध्ये होते, ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. धाकटी बहीण लग्न होऊन वर्ध्याला.

घर भक्तिभावाचं. मंगळवारी टेकडीच्या गणपतीला जाणं वडिलांपासून चालत आलेलं. आईंच्या गजानन महाराजांच्या पोथीच्या पारायणात कधी खंड पडला नाही. नवरात्रात कोराडीच्या देवीचं दर्शन ठरलेलं. नीलेशचा आवाज चांगला. कॉलनीच्या गणपतीत आरतीला पहिला सूर त्याचा असायचा, आणि पोरगं देवभोळं आहे म्हणून शेजारपाजारी आईंचं कौतुक व्हायचं.

मोठ्या भावाचं लग्न २००९ साली झालं. पत्रिका दाखवली, ३६ पैकी २८ गुण जुळले. रक्त मात्र कुणी जुळवलं नाही. भाऊ आणि वहिनी दोघंही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक निघाले, पण हे कळलं मूल झाल्यावर. मुलगा नऊ महिन्यांचा असताना त्याचे तळहात आणि पावलं सुजली. दृष्ट काढली, उतारा ठेवला, कुणीतरी मंतरलेला दोरा दिला. दीड वर्षानं तपासणी झाली आणि रिपोर्टवर ‘एसएस’ आलं, म्हणजे दोष दोघांकडून आलेला, प्रत्यक्ष आजार.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आई-वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, नुसतं वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि असह्य दुखणं सुरू होतं. थंडी, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, कशानंही. नागपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात हे घरोघरी माहीत असलेलं दुखणं आहे, आणि घरोघरी लपवलं जाणारंही.

अडचण

२०२३ च्या पावसाळ्यात पुतण्याला ताप आला आणि छातीत संसर्ग होऊन तो अतिदक्षता विभागात गेला. सहा दिवस काही खरं नव्हतं. त्याच्या महिनाभर आधी नीलेशनं घरात पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं होतं की तो देव मानत नाही आणि यंदा मंडळात आरतीला उभा राहणार नाही. आईंनी दोन्ही गोष्टी जोडल्या. “माह्या घरात येक जण देवाले मानत नाही, म्हणून पोट्ट्याले भोगा लागून राहिलं.” आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून त्यांनी नवस बोलला: नातू घरी आला तर त्याची गुळानं तुला करीन, आणि पूजेला धाकटा मुलगा जोडीनं बसेल.

मूल घरी आलं. नीलेशनं बसायला नकार दिला.

डिसेंबरात मेघा त्याला माझ्याकडे समुपदेशनासाठी घेऊन आली तेव्हा खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर भाजीची वाटी जाणंसुद्धा थांबलं होतं. मेघा स्वतः श्रद्धाळू. तिची तक्रार साधी होती: “हे मानत नाहीत याचं मला काही नाही मॅडम. पण मी रोज खाली तोंड काय दाखवू?”

माझं पहिलं निदान

इथे मी चुकले, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

दुसऱ्या भेटीला आईही आल्या. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, “याले काही समजवा. देवावर रुसला हा.” मलाही तसंच वाटलं. पुतण्याचं दुखणं डोळ्यांसमोर, त्यात आपण रोज तेच रक्त तपासतो; माणूस देवावर चिडणारच. समुपदेशनात हा प्रकार ओळखीचा आहे. जवळचं कुणी गेलं की माणूस देव्हाऱ्यातले फोटो उतरवतो, आणि वर्ष-दोन वर्षांत बहुतेक वेळा परत लावतो. तो राग असतो, आणि राग कुणावर तरीच येतो; समोर देव आहे असं धरूनच माणूस त्याच्याशी भांडत असतो.

तीन भेटी मी या रागाच्या मागे घालवल्या. नीलेश सौजन्यानं उत्तरं देत राहिला. चौथ्या भेटीत म्हणाला, “मॅडम, तुम्ही मला सारखं विचारता की देवावर राग येतो का. मी लॅबमध्ये मशीनवर कधी रागावलो नाही, कारण त्याला मन नाही हे मला माहीत आहे. तसंच आहे हे.”

माझ्या वहीत त्या दिवशी एकच ओळ आहे: ‘शोक नाही. मागे जा.’

तो देवापासून कसा सुटत गेला

लोक नास्तिक का होतात, यावर घरोघरी दोनच उत्तरं तयार असतात. पुस्तकं जास्त वाचली, नाहीतर काहीतरी आघात झाला. नीलेशच्या बाबतीत दोन्ही अर्धवट खरी होती.

लॅबचा भाग त्यानं आधी सांगितला. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या एचपीएलसी तपासणीच्या आलेखावर कोणता उंचवटा कुठे येतो हे त्याला पाठ झालेलं. नमुना कुणाचा, त्यांच्या घरी कोणता देव, उपास कोण करतं, याचा त्या उंचवट्याशी काही संबंध नसतो. “मी देव खोटा ठरवला नाही,” तो म्हणाला. “फक्त त्याला करायला काही काम उरलं नाही.” हा दोष आपल्याकडे टिकला कसा, हेही त्यानं एकदा आईंना सांगून पाहिलं होतं: वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या मुलखात तो पिढ्यान्‌पिढ्या राहिला. आईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “मंग देवानं काही भल्यासाठीच देलं नं ते?” हे सांगताना नीलेशला हसू आलं. मलाही आलं. त्या एका वाक्याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्याकडेही नाही.

पण विज्ञान शिकलेले हजारो लोक सकाळी देवपूजा करून लॅबला जातात. तेव्हा एवढ्यानं भागत नव्हतं. खरी गोष्ट पाचव्या भेटीत निघाली, तीही मेघा बाहेर बसली असताना.

२०१४ साली बहिणीचं लग्न ठरत होतं. पुतण्याचा रिपोर्ट तेव्हा घरात येऊन काही महिने झाले होते. बहीण वाहक असू शकते हे उघड होतं. नीलेश म्हणाला, तिची तपासणी करू, मुलाकडच्यांना सांगू. घरात ठरलं की सांगायचं नाही. स्थळ हातचं जाईल. रिपोर्टची फाइल पोथीच्या कपाटात, पोथीच्या मागे ठेवली गेली. लग्न लागलं. मंगलाष्टकांत पहिला आवाज नीलेशचा होता.

“देव सगळं बघतो, असं माझी आई रोज म्हणते. मग फाइल कुणापासून लपवत होते हे लोक? मी त्या दिवशी मांडवात उभा होतो आणि माझ्या लक्षात आलं की इथं कुणालाच खरं वाटत नाही की तो बघतो आहे. मलापण नाही. नाहीतर मी बोललो असतो.”

जोसेफ हेन्रिक या मानववंशशास्त्रज्ञानं २००९ साली मांडलेली एक कल्पना इथे मला चपखल वाटते. मुलं मोठ्यांच्या बोलण्यावरून श्रद्धा उचलत नाहीत, त्यासाठी मोठे काय सोसतात ते बघतात. निर्जळी उपास धरणारी आई, पायी वारीला जाणारे वडील: यांनी त्या विश्वासाची किंमत मोजलेली मुलांना दिसते आणि श्रद्धा रुजते. बोलणं एक आणि वागणं दुसरं दिसलं की ती सुटू लागते. नीलेशच्या आईंनी उपासांची किंमत आयुष्यभर मोजली होती, हे त्यालाही मान्य होतं. पण जिथे देवाचं भय किंवा भरवसा खरोखर कामाला यायला हवा होता, त्या एका जागी तो आला नाही. आणि त्या गप्प बसण्यात तो स्वतः सामील होता.

म्हणजे आघात २०२३ चा नव्हताच. तो नऊ वर्षं जुना होता, आणि त्यात देवानं काही केलं नव्हतं. मधल्या काळात तो आरतीत नुसते ओठ हलवत होता. २०१७ मध्ये स्वतःच्या लग्नाआधी त्यानं दोन्हीकडचे रक्ताचे रिपोर्ट मागितले, तेवढाच काय तो बंडखोरपणा. तो स्वतः वाहक निघाला, मेघा नाही.

एकटं असणं

इथे नागपूरबद्दल थोडं. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात लाखो लोकांनी बाबासाहेब आंबेडकरांसोबत जुने देव सोडले. बावीस प्रतिज्ञांमधली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, त्यांची पूजा करणार नाही अशी आहे. दरवर्षी दीक्षाभूमीवर त्याचा सोहळा होतो. तिथे सोडणं सगळ्यांनी मिळून होतं, सोबत नवा मार्ग होता, नवी वंदना होती, लग्न आणि मरण कसं करायचं याची उत्तरं होती. नीलेशच्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी बौद्ध. तो त्याला म्हणाला होता, “आमच्या आजोबांनीच सोडून ठेवलं. मला काहीच सोडावं लागलं नाही.” नीलेशला हे वाक्य बोचलं होतं. त्याला एकट्यानं सोडायचं होतं, आणि बदल्यात काही मिळणार नव्हतं.

एका विवेकवादी गटाच्या बैठकीला तो दोनदा जाऊन आला. मग गेला नाही. तिथं सगळे बोलत होते, त्याला ऐकणारं कुणी हवं होतं.

२०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक नोंदवणारे सबंध देशात ३३ हजारांच्या आसपास आहेत. मला हा आकडा कधीच पटलेला नाही. प्रगणक दारात उभा राहतो तेव्हा उत्तर बहुतेक घरातलं मोठं माणूस देतं. नीलेशच्या घरात आज विचारलं तरी ते आईच देतील.

समोरचे पर्याय

पाच भेटींनंतर आम्ही कागदावर मांडले ते असे.

एक, नीलेशनं एकदाच पूजेला बसायचं. आईंचं म्हणणं हेच: “तू नुसता बस नं बाप्पा. मनात मानू नको.” नातेवाईकही हेच म्हणत होते, आणि खरं सांगते, सुरुवातीला मलाही हा सोपा तोडगा वाटला. दोन तासांचा प्रश्न आहे, काय जातं? नीलेशचं उत्तर होतं की नऊ वर्षं तो नुसता बसलाच होता. शिवाय बसला, तर पुतण्या त्याच्या न मानण्यामुळे आजारी पडला हे त्यानं कबूल केल्यासारखं होणार. हा दुसरा मुद्दा मला उशिरा कळला. पूजेला बसणं म्हणजे त्याच्या लेखी आरोपाची कबुली होती.

दोन, ठाम नकार देऊन वेगळं घर करायचं. मेघानं हे लगेच उडवून लावलं. पुतण्याला रात्री दुखणं उठलं की सुई कोण टोचणार? घरातलं सगळ्यात उपयोगी माणूस तोच होता.

तीन, आईंना शास्त्र समजावून सांगून नवस निरर्थक आहे हे पटवायचं. हे कागदावर आलं कारण नीलेशला अजून थोडी आशा होती. मी त्यावर काट मारली.

चार, नवस आईंनीच फेडायचा, नीलेशनं हजर राहायचं पण पूजेला बसायचं नाही. इथे अडचण आईंची. देवीला बोललेला शब्द आपण मनानं बदलायचा कसा? आम्ही पूजेला बसणं ही नीलेशच्या दृष्टीनं खोटी गोष्ट मानत होतो, तसंच शब्द मोडणं ही आईंच्या दृष्टीनं खोटी गोष्ट होती. हे मला दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागलं, ही माझी दुसरी चूक.

काय केलं

जानेवारीत सगळ्यांना एकत्र बसवलं. ही बैठक बिघडली, आणि निम्मा दोष माझा. नीलेशचे मामा निवृत्त शिक्षक. त्यांनी ‘नास्तिको वेदनिन्दकः’ हे मनुस्मृतीतलं वचन काढलं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, त्या हिशोबानं वेद मानणारे पण सृष्टीचा कर्ता न मानणारे मीमांसक आस्तिक ठरतात, आणि पाणिनीच्या सूत्रावरच्या टीकेत तर आस्तिक म्हणजे परलोक आहे असं मानणारा. सगळं बरोबर होतं आणि अगदी निरुपयोगी होतं. मामा चिडले, आईंना वाटलं मी पोराच्या बाजूची आहे, आणि मेघा खाली बघून नखं कुरतडत बसली.

त्यानंतर मी आईंना एकटीला बोलावलं. हे पहिल्या महिन्यातच करायला हवं होतं. त्यांना मी देवाबद्दल काही विचारलं नाही. विचारलं, नीलेश ‘देव नाही’ म्हणाला तेव्हा तुम्हाला नक्की काय ऐकू आलं? बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मिल बंद पडली तवापासून मी उपास धरून राहिली. यानं म्हटलं, ते सारं पाण्यात गेलं.” नीलेशनं असं म्हटलं नव्हतं, पण त्यांना ते तसं ऐकू आलं होतं. नीलेशला ‘तुझ्यामुळे पोर आजारी’ असं ऐकू येत होतं, ते मात्र आई खरोखरच म्हणाल्या होत्या. हे मी त्यांना तिथेच सांगितलं. त्या रडल्या नाहीत. “हो, म्हटलं मी,” एवढंच म्हणाल्या.

तोडगा माझ्याकडून निघाला नाही. रामटेकजवळ राहणाऱ्या आईंच्या थोरल्या बहिणीकडून निघाला. त्यांना सगळी हकिकत कळल्यावर त्या म्हणाल्या, दुसऱ्याच्या नावावर नवस बोलतच नाहीत. जो बोलतो त्यानं आपल्या अंगावर घ्यावा. चुकून बोलला गेला तर देवीसमोर जाऊन कबूल करावं. शास्त्रात हे कुठे आहे का, मला माहीत नाही. आईंना पटलं. आमचे सगळे युक्तिवाद घराबाहेरून येत होते. हा त्यांच्या देव्हाऱ्यातून आला.

राहिली फाइल. बहिणीला सांगायचं की नाही, यावर आम्ही दोन भेटी घालवल्या. नीलेशला सांगायचं होतं, भावाला नको होतं. माझं मत सांगावं की न सांगावं या घोळात मी राहिले, आणि शेवटी नीलेशनं एका रात्री फोन करून टाकला. बहीण म्हणाली, “मला पहिल्या गरोदरपणातच कळलं होतं. मी वाहक, हे नाहीत. तुम्ही लपवलं होतं हेही तेव्हाच कळलं.” इतकी वर्षं तीही बोलली नव्हती.

आज करायचं तर

पहिल्या दोन भेटींत मी एक प्रश्न विचारायला हवा होता: शेवटचं कधी मनापासून हात जोडले होते? त्यानं थेट २०१४ सांगितलं असतं आणि रागाच्या मागे गेलेले तीन आठवडे वाचले असते. मेघाला मी जवळजवळ निरोप्याचं काम दिलं. तिची स्वतःची श्रद्धा, मुलीला आरती शिकवायची की नाही हा तिचा प्रश्न, यावर आम्ही बोललोच नाही. तो प्रश्न अजून तसाच आहे. मुलगी खाली आजीजवळ आरती म्हणते आणि वर येऊन बाबांना विचारते की तुम्ही का म्हणत नाही. नीलेश म्हणतो, मला येते, पण मी म्हणत नाही. यापलीकडे त्याच्याजवळ अजून उत्तर नाही.

मामांसमोर पाणिनी काढणं मात्र पुन्हा करणार नाही.

पुढे काय झालं

चैत्र नवरात्रात आई आणि मोठा मुलगा-सून कोराडीला गेले. आईंनी देवीसमोर कबुली दिली आणि पूजेला मोठी जोडी बसली. गाडी नीलेशनं चालवली. पूजा चालू असताना तो बाहेर पुतण्याच्या चपला आणि पाण्याची बाटली सांभाळत उभा होता. उन्हात पोराला पाणी कमी पडू द्यायचं नसतं.

बहीण अजून माहेरी फारशी येत नाही. मामा नीलेशशी बोलत नाहीत. नीलेशनं मंडळाची आरती पुन्हा धरली नाही, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो पुतण्याला खांद्यावर घेऊन मारबत, म्हणजे नागपुरात निघणारी मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, बघायला गेला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, मारबत पाहायला देव लागत नाही. आईंनी प्रसाद वर पाठवायला सुरुवात केली आहे, तो खातो.

तुलेच्या आदल्या दिवसाची गोष्ट मेघानं सांगितली. गूळ किती आणायचा हे ठरत नव्हतं. पुतण्याला रोज हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध द्यावं लागतं, त्याचा डोस वजनावर ठरतो, म्हणून नीलेश दर महिन्याला त्याचं वजन करून वहीत लिहून ठेवतो. आई जिन्यातून वर आल्या, कितीतरी महिन्यांनी, आणि दारातूनच म्हणाल्या, “पोट्ट्याचं वजन किती हाय रे आता?”

त्यानं वही उघडली. साडेचोवीस किलो.

“मागच्या बारीपेक्षा वाढलं नं?”

“वाढलं. अर्धा किलो.”

“मंग पंचवीस किलो आण,” आई म्हणाल्या, आणि खाली गेल्या.